ब्रिटिश म्युझियम, हातात मराठी बायबल घेऊन

जागा: ग्रेट रसेल स्ट्रीट, लंडन. प्रवेश: फुकट. लागणारा वेळ: तीन ते साडेतीन तास. सोबत हवं: बायबल, चष्मा, साधी वही. शेरा: पाचपैकी चार तारे.

देव काळवेळ बदलतो, राजांना गादीवर बसवतो आणि खाली उतरवतो, हे दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायातलं वचन निवडणुकीच्या दिवसांत चर्चच्या मंडळीत हमखास निघतं. ऐकणाऱ्याच्या मनात तेव्हा बहुधा एकच प्रश्न असतो: उतरवणार कधी? हे परीक्षण त्या एका ‘कधी’पुरतं आहे. ममी, रोझेटा शिला, ग्रीक शिल्पं यांच्याबद्दल इथे काही मिळणार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

अश्शूरचा सन्हेरीब, बाबेलचा नबुखद्नेस्सर आणि इराणचा कोरेश या तिघा राजांनी स्वतःबद्दल जे लिहवून घेतलं, ते या एका इमारतीत काही मिनिटांच्या चालीवर वाचायला मिळतं. बायबल या राजांबद्दल काय म्हणतं ते आपल्याला ठाऊक असतं. राजे स्वतःला काय समजत होते ते इथे कळतं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दोन्हीकडची सालं शेजारी मांडता येतात. वचन कोणत्या साली आलं, पुरं कोणत्या साली झालं, आणि मधली वर्षं लोकांनी कशी काढली.

आधी एक अपेक्षा घरीच ठेवून या. ‘बायबल खरं ठरवणारे पुरावे’ बघायला येणारे गट इथे असतात, आणि त्यातले बरेच जण हिरमुसून जातात. दगड आणि विटा एवढंच सांगू शकतात की अमका राजा होता, अमक्या साली अमकं शहर पडलं. ते देवाच्या इच्छेने पडलं की बाबेलच्या मर्दुक देवाच्या, यावर म्युझियम बोलत नाही, आणि बोलूही नये. तिथे बोलायचं काम तुमच्या हातातल्या पुस्तकाचं.

मराठी वाचकाची पहिली अडचण नावांची. पाट्या इंग्रजीत आहेत आणि आपल्या बायबलातली नावं हिब्रूच्या वळणाची. त्यामुळे समोर ‘सायरस’ लिहिलेलं असतं आणि आपण ‘कोरेश’ शोधत पुढे निघून जातो. वहीच्या पहिल्या पानावर जोड्या लिहून घ्या: सेनाकेरिब म्हणजे सन्हेरीब, हेझेकाया म्हणजे हिज्कीया, जेहू म्हणजे येहू, नेबुकॅडनेझर म्हणजे नबुखद्नेस्सर, बेलशॅझर म्हणजे बेलशस्सर, सायरस म्हणजे कोरेश, डरायस म्हणजे दारयावेश, असिरिया म्हणजे अश्शूर, बॅबिलोन म्हणजे बाबेल. अजून एक फसगत शल्मनेसेर या नावाची. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात इस्राएलची राजधानी शोमरोन हिला वेढा घालणारा शल्मनेसेर हा पाचवा. तळमजल्यावर ज्याचा काळा स्तंभ उभा आहे तो तिसरा, शंभरएक वर्षं आधीचा. दोघांना एक समजलात तर पुढची सगळी सालं घसरतात.

मार्ग असा ठेवा: तळमजल्यावरचं दालन ६, मग १०, मग वरच्या मजल्यावर ५५ आणि शेवटी ५२. काळाचा क्रमही जवळजवळ हाच आहे, त्यामुळे जिना चढताना शतकंही पुढे सरकतात. मधल्या मोठ्या चौकातून डावीकडे वळलात की इजिप्तच्या दालन ४ मध्ये रोझेटा शिलेभोवतीचा घोळका लागतो. तिथे रेंगाळू नका, सकाळचा मोकळा अर्धा तास तिथेच खर्ची पडतो. उघडण्याची वेळ दहाची. दहाला आत असाल तर लाखीशच्या दालनात (१०-ब) थोडा निवांतपणा मिळतो.

दालन ६ मधला काळा स्तंभ सुमारे दोन मीटर उंच आहे. चार बाजू, प्रत्येक बाजूवर चित्रांच्या पाच ओळी, म्हणजे एकूण वीस चौकटी. वरून दुसरी ओळ शोधा. तिथे एक माणूस शल्मनेसेरापुढे कपाळ जमिनीला टेकवून वाकलेला दिसतो. वरच्या कीलाक्षरांत लिहिलंय की हा येहू, अम्रीचा मुलगा, याने आणलेला नजराणा: चांदी, सोनं, सोन्याची भांडी. वाकलेला माणूस स्वतः येहू की त्याचा दूत, यावर मतभेद आहेत. साल मात्र पक्कं आहे, इ.स.पू. ८४१.

इथे २ राजे ९ आणि १० उघडा. ‘अम्रीचा मुलगा’ ही अश्शुरी कारकुनाची सरसकट नोंद. येहूने तर इस्राएलच्या गादीवर येताना अम्रीचं राजघराणंच कापून काढलं होतं. हा तोच येहू, ज्याला अभिषेक करण्याची आज्ञा होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्याला झाली (१ राजे १९), आणि प्रत्यक्षात तेल ओतलं गेलं ते एलीया वर घेतला गेल्यावर, अलीशाच्या काळात, एका अनाम शिष्याच्या हातून. आज्ञा एकाला झाली आणि काम तिसऱ्याने केलं. ज्याला देवाने नेमलं तो त्याच वर्षी परक्या राजापुढे नाक घासत होता, ही गोष्ट राजांच्या पुस्तकात नाहीच. देवाने नेमलेला म्हणजे कुणापुढे न वाकणारा, अशी समजूत असेल तर ती या चौकटीपुढे टिकत नाही. पंधरा मिनिटं पुरेत.

वाटेत १०-अ मध्ये सिंहांच्या शिकारीचे पट लागतील. कोरीवकाम अप्रतिम आहे, आणि दानीएलाची गुहा म्हणून फोटो काढायचा मोह हमखास होतो. ती ती नव्हे. हा अश्शूरचा राजा अश्शूरबनिपाल, राजधानी निनवेचा, दानीएलाच्या त्या प्रसंगाच्या शंभरएक वर्षं आधीचा. एक बारकावा मात्र बघून घ्या. एका पटावर छोट्या खोपट्यात बसलेला एक लहानसा माणूस पिंजऱ्याचं दार वर ओढतोय आणि सिंह बाहेर पडतोय. राजे सिंह पिंजऱ्यात पाळत आणि हवे तेव्हा सोडत, एवढं यातून कळतं. बस.

आता १०-ब, लाखीश. साडेतीन तासांतला सगळ्यात मोठा वाटा या दालनाला द्या, पाऊण तास तरी. निनवेच्या राजवाड्यातली एका खोलीची भिंत इथे मांडली आहे आणि विषय एकच आहे, इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदातलं लाखीश कसं घेतलं. पट डावीकडून उजवीकडे वाचायचा. आधी धनुर्धारी आणि गोफणवाल्यांच्या रांगा. मग तटाला लावलेला मातीचा उतार आणि त्यावरून वर ढकललेले तट फोडायचे गाडे. तटावरून जळते पलिते पडताहेत, म्हणून गाड्यावरचा एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने पाणी ओततोय. वेशीतून माणसं बाहेर पडताहेत, बैलगाडीवर बोचकी आणि वर बसलेल्या बायका-पोरं. खाली काहींना खुंट्यांना ताणून सोलताहेत. लहान मुलं बरोबर असतील तर आधी एकटे जाऊन बघा आणि मग ठरवा.

उजव्या टोकाला सन्हेरीब सिंहासनावर बसलाय आणि लाखीशची लूट त्याच्यापुढून जातेय, असं शेजारच्या मजकुरात लिहिलंय. राजाच्या चेहऱ्याकडे बघा. चेहरा नाही. कुणीतरी तो मुद्दाम ठेचून काढलाय, बाकी अंगावरचं कोरीवकाम तसंच ठेवून. इ.स.पू. ७०१ मध्ये लाखीश पडलं आणि ६१२ मध्ये निनवे पडलं. त्या लुटीत हे झालं असावं, असं मानतात.

या भिंतीसमोर उभं राहून यशया १० वाचायचा. अश्शूर ही देवाच्या क्रोधाची काठी आहे, आणि लगेच पुढे, कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे बढाई मारावी काय? राज्यकर्ता देवाच्या हातात आहे याचा अर्थ राज्यकर्ता बरोबर आहे असा काढणारे रोम १३ चा (सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा) हवाला देतात आणि यशया १० विसरतात. काठी वापरली जाते आणि काठीचा हिशेबही होतो. लाखीशमधून पायी हाकलली गेलेली माणसं मात्र तो हिशेब बघायला नव्हती. ही टोचणी या दालनात जितकी जाणवते तितकी प्रवचनात जाणवत नाही. इथे घाईने ‘देवाची वेळ’ म्हणून पुढे सरकू नका.

आता जिना चढून दालन ५५. ५५ आणि ५२ ही दोन्ही दालनं याच मजल्यावर आहेत आणि बघायच्या वस्तू सगळ्या लहान. पहिल्यांदा येणाऱ्यांची चूक इथेच होते. खालच्या भिंतींना डोळे सरावलेले असतात, आणि ज्याने इतिहास हलवला ती वस्तू साबणाच्या वडीएवढी निघते.

आधी सन्हेरीबाचा सहा बाजूंचा मातीचा खांब, साधारण ३८ सेंटिमीटर उंच, टेलर प्रिझम नावाने ओळखला जाणारा. त्यात सन्हेरीब म्हणतो की यहूदाची ४६ तटबंद शहरं घेतली आणि तिथल्या राजाला, हिज्कीयाला, पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमेत कोंडलं. खंडणीत ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं आणि ८०० किक्कार चांदी मिळाल्याचं लिहिलंय. २ राजे १८:१४ मध्ये सोनं तेवढंच, ३० किक्कार, पण चांदी ३००. सोन्याचा आकडा जुळतो, चांदीचा जुळत नाही. मोजमापाचा फरक की फुगवलेला आकडा, यावर तर्क बरेच आहेत. बायबल अभ्यासात हा फरक लपवू नका, कुणीतरी फोनवर शोधून काढतोच. महत्त्वाचं पुढेच आहे. इतकी बढाई मारणारा माणूस यरुशलेम घेतलं असं कुठेही म्हणत नाही.

आणि आता तो ‘कधी’. २ राजे १९ चा शेवट वाचा. सन्हेरीब निनवेला परत जातो, आणि पुढच्याच ओळीत त्याची मुलं त्याला त्याच्या देवळात तलवारीने मारतात. वाचताना वाटतं, घरी पोचला आणि खलास. प्रत्यक्षात स्वारी इ.स.पू. ७०१ ची आणि खून ६८१ चा. दोन वचनांच्या मधल्या रिकाम्या जागेत वीस वर्षं आहेत! त्या वीस वर्षांत सन्हेरीबाने बाबेल उद्ध्वस्त केलं, निनवे सजवलं, तो खालचा लाखीशचा पट कोरून घेतला. हिज्कीया तोवर वारला होता आणि यरुशलेमेत मनश्शे राज्य करत होता. यशयाने सांगितलं तसं झालं, पण ज्याने देवळात पत्र पसरून प्रार्थना केली त्याला ते बघायला मिळालं नाही. वहीत ७०१ आणि ६८१ एकाखाली एक लिहा. या भेटीत एवढं एकच वजाबाकीचं गणित केलंत तरी फेरी वसूल.

पुढे बाबेलचा वृत्तान्त. ही नबुखद्नेस्सराच्या सुरुवातीच्या वर्षांची मातीची पाटी, उंची सुमारे आठ सेंटिमीटर, रुंदी सहा, तळहातात मावेल. अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. हिच्यातल्या नोंदीप्रमाणे सातव्या वर्षी राजाने यहूदाच्या शहराला वेढा घातला, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ते घेतलं, तिथल्या राजाला पकडलं आणि आपल्या मनासारखा राजा नेमला. आपल्या कालगणनेत तो दिवस १६ मार्च ५९७ इ.स.पू. पकडलेला राजा यहोयाखीन, नेमलेला सिद्कीया (२ राजे २४). पाटीवर दोघांचीही नावं नाहीत. बाबेलच्या कारकुनाला तेवढी गरज वाटली नाही.

इथे यिर्मयाचे २८ आणि २९ हे अध्याय काढा. यरुशलेम पडल्यावर काही वर्षांतच हनन्या नावाचा संदेष्टा देवळात सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, सगळे परत येतील. यिर्मया सांगतो, सत्तर. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलं गेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आपल्याकडे भिंतीवरच्या वचनांच्या कॅलेंडरवर २९:११ असतं, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचेच विचार आहेत, ते. त्याच्या आधीचं १० वं वचन, सत्तर वर्षं भरल्यावर, ते कॅलेंडरवर छापलेलं सहसा दिसत नाही. दहावं सोडून अकरावं घेतलं की यिर्मयाच्या तोंडी हनन्याचा संदेश येतो. ज्याला कुणाला हे वचन एखाद्या आजारी माणसाला किंवा नोकरी गेलेल्याला द्यायचं असेल, त्याने दोन्ही द्यावीत.

सत्तराचा हिशेब विचारतील, म्हणून तयार असा. इ.स.पू. ६०९ मध्ये अश्शूरची सत्ता संपली आणि ५३९ मध्ये बाबेलची, अंतर ७०. मंदिर ५८६ मध्ये जळालं (काही जण ५८७ धरतात) आणि नवं ५१६-५१५ च्या सुमारास पुरं झालं, पुन्हा जवळपास ७०. पहिल्या कैद्यांपासून, ६०५ पासून, मोजलं तर परतीच्या हुकमापर्यंत ६७ च्या आसपास येतात. कुठून मोजायचं हे यिर्मया सांगत नाही. दानीएलाने म्हातारपणी ग्रंथ उघडून वर्षं मोजली (दानीएल ९), आणि मोजून झाल्यावर तारीख जाहीर केली नाही, गोणपाट नेसून प्रार्थनेला बसला. तारखांचे तक्ते छापणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यायला हरकत नाही.

याच दालनाच्या आसपास नबुखद्नेस्सराच्या नावाच्या विटा आणि ‘ईस्ट इंडिया हाऊस शिलालेख’ बघा. होय, आपलीच कंपनी सरकार. बाबेलमध्ये सापडलेली ही शिळा कंपनीच्या लंडनच्या कचेरीत पोचली म्हणून हे नाव. दहा स्तंभांत राजा एकच गोष्ट सांगत राहतो: मी बाबेल बांधलं, मी तट चढवले, मी देवळं मढवली. दानीएल ४ मध्ये राजा गच्चीवर फिरताना जे म्हणतो, हे थोर बाबेल मीच बांधलं ना, तो सूर इथे दगडात ऐकू येतो. विटांवरही तेच: नबुखद्नेस्सर, बाबेलचा राजा, नबोपोलस्सरचा थोरला मुलगा. असे ठसे हजारो विटांवर मारले गेले. विसाव्या शतकात सद्दाम हुसेनने बाबेलची डागडुजी करताना नव्या विटांवर स्वतःचं नाव घालून घेतलं. त्याचं पुढे काय झालं ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

नबुखद्नेस्सराचं वेड लागणं, गवत खाणं यांची नोंद मात्र इथे शोधू नका, त्याच्या लेखांत ती नाही. स्वतःच्या पडतीचे शिलालेख राजे कोरून घेत नाहीत.

मग बाबेलचा शेवटचा राजा नबोनिदस याची मातीची नळकांडी, ऊर या जुन्या शहरातल्या मंदिराच्या मनोऱ्यातून १८५४ मध्ये निघालेली. त्यात राजा चंद्रदेवाकडे स्वतःसाठी आणि थोरला मुलगा बेलशस्सर याच्यासाठी प्रार्थना करतो. ऊरमध्ये हे सापडेपर्यंत बेलशस्सराला जुन्या लेखांत आधार नव्हता आणि तो काल्पनिक असल्याचं म्हटलं जाई. बाप वर्षानुवर्षं अरबस्तानातल्या तेमा इथे राहिला आणि कारभार मुलाकडे होता, हे इतर लेखांवरून कळतं. म्हणून दानीएल ५ मध्ये भिंतीवरचं लिखाण वाचणाऱ्याला राज्यात ‘तिसरा’ मान देऊ केलाय, दुसरा तर तो स्वतःच होता. उलट बाजूही सांगायला हवी. त्याच अध्यायात नबुखद्नेस्सर त्याचा बाप म्हटलाय, तो नव्हता. दारयावेश मेदी या नावाचा राजा लेखांत सापडलेला नाही. आणि बरेच अभ्यासक दानीएलाच्या पुस्तकाचा शेवटचा आकार इ.स.पू. १६० च्या दशकातला मानतात. हे माहीत असूनही पुस्तकाचं म्हणणं कमी होत नाही: ज्ञानी लोक हजर होते, पण भिंतीवरचं मने, मने, तकेल वाचायला आणि अर्थ सांगायला एक बंदिवान लागला.

शेवटी दालन ५२, इराण. कोरेशाचा सिलिंडर. सिलिंडर म्हटल्यावर आपल्याकडे जे डोळ्यांपुढे येतं त्याच्या मानाने हा बारकाच, साडेबावीस सेंटिमीटर लांब, पखवाजासारखा मधे फुगीर, भाजलेल्या मातीचा. मार्च १८७९ मध्ये होर्मुझ्द रस्साम याला बाबेलमध्ये मिळाला. हा रस्साम मोसुलचा, अश्शुरी ख्रिस्ती घराण्यातला. जो तुकडा काचेत आहे तो अर्धवट फुटका आहे. शेवटच्या ओळींचा एक तुकडा अमेरिकेत येल विद्यापीठाकडे होता, तो याचाच आहे हे १९७० च्या सुमारास ओळखलं गेलं. एकूण ४५ ओळी.

संपूर्ण मजकुराचं भाषांतर म्युझियमच्या संकेतस्थळावर आहे, ते घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. पाटीवर इतका मजकूर मावत नाही. बारावी ओळ आणि यशया ४५ ची पहिली पाच वचनं आलटून पालटून वाचा. सिलिंडर म्हणतो, मर्दुकने सगळे देश धुंडाळले, नीतिमान राजा शोधला, कोरेशाचा हात धरला, त्याला नावाने हाक मारली. यशयात परमेश्वर म्हणतो, मी कोरेशाचा उजवा हात धरलाय, मी तुला नावाने हाक मारलीय. हात तोच, हाक तीच. पुढे यशयात दोनदा येतं ते सिलिंडरमध्ये येणं शक्यच नव्हतं: तू मला ओळखत नसतानाही. समोरची मातीची वस्तू म्हणजे त्याच वाक्याचा दाखला आहे, कारण ज्याला परमेश्वर माझा अभिषिक्त म्हणतो तो इथे दुसऱ्याच देवाचे आभार मानतोय. यशयाचा हा भाग दीडशे वर्षं आधीचा की बंदिवासातल्या संदेष्ट्याचा, यावर मंडळीत दोन्ही मतांचे लोक भेटतील. या वाक्याची धार दोन्हीकडे सारखीच राहते.

गैरसमज दोन. सिलिंडरमध्ये यहुद्यांना परत पाठवल्याचा उल्लेख आहे असं अनेक पुस्तिकांत ठोकून दिलेलं असतं. नाही. त्यात तैग्रीस नदीपलीकडच्या गावांची, शूशन वगैरे, नावं आहेत आणि तिथले देव-लोक परत पाठवल्याचं आहे. यरुशलेम नाही, यहूदा नाही. धोरण तेच होतं, एवढंच म्हणता येतं. यहुद्यांविषयीचा हुकूम एज्रा १ आणि ६ मध्ये आहे. दुसरा गैरसमज, ही ‘मानवी हक्कांची पहिली सनद’. तसं काही नाही, बाबेलच्या राजांच्या जुन्या पठडीतला हा पायाभरणीचा लेख आहे.

सैन्य बाबेलमध्ये शिरलं १२ ऑक्टोबर ५३९ ला, लढाई न होता. स्वतः कोरेश आला २९ ऑक्टोबरला. इथे बरेच गट वही मिटतात. मिटू नका. हुकूम निघाला, पाया घातला, मग शेजाऱ्यांच्या तक्रारींनी काम बंद पडलं (एज्रा ४), ते दारयावेशाच्या (दारयावेश मेदी नव्हे, इराणचा राजा) दुसऱ्या वर्षापर्यंत, म्हणजे इ.स.पू. ५२० पर्यंत. तेव्हा सरकारी दप्तरात जुना हुकूम शोधला गेला. बाबेलमध्ये मिळाला नाही, अखमथाच्या किल्ल्यात मिळाला (एज्रा ६). राजाचं मन वळायला एक रात्र लागली असेल, फाईल सापडायला अठरा वर्षं लागली. ज्यांनी कधी तहसील कचेरीत जुना फेरफार शोधलाय त्यांना एज्राचा सहावा अध्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कापलेला तारा कशासाठी? या चार दालनांना जोडणारा धागा म्युझियम देत नाही, दालनं राज्यांप्रमाणे लावलेली आहेत. बायबलच्या वाचकाला तो धागा स्वतः ओवावा लागतो, आणि तयारी न करता आलात तर तीन तासांत पायदुखी तेवढी पदरात पडते. शिवाय दालनं अधूनमधून बंद असतात, आणि पश्चिमेकडच्या दालनांचं मोठं नूतनीकरण ठरलेलं आहे. खालचा अश्शूरचा भाग तिकडेच येतो, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर त्या दिवशीची बंद दालनं बघाच.

गट दहाच्या वर नेऊ नका. लहान पाट्यांसमोर एका वेळी तिघा-चौघांनाच दिसतं, म्हणून दोन तुकड्या करा. एक खाली लाखीशला, एक वर ५५ ला, आणि दीड तासाने अदलाबदल. मोठ्याने वाचन काचेपाशी न करता बाकावर बसून करा. फ्लॅश नको. चाकांची बॅग आत नेऊ देत नाहीत, विमानतळावरून थेट येऊ नका.

लंडन जमत नसेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अश्शूरच्या राजवाड्यातले काही शिलापट आहेत. एकोणिसाव्या शतकात निमरूद या अश्शुरी शहरातल्या शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गेच लंडनला जात, आणि काही मुंबईत उघडून लोकांना दाखवल्याही गेल्या. कोरेशाचा सिलिंडर डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ मध्ये याच संग्रहालयात आला होता. पारशी बांधवांनी तेव्हा त्याचं मोठं कौतुक केलं. मुंबईचे शिलापट आणि फोनमधलं भाषांतर एवढ्यावर एक चांगली दुपार होते, लाखीश मात्र फोटोवरच भागवावं लागेल.

शुक्रवारी म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. पाचनंतर वरच्या दालनांत बरीच शांतता असते, ५५ आणि ५२ त्या वेळेला ठेवा. आणि नाताळच्या सुट्टीचा बेत असेल तर, २४, २५ आणि २६ डिसेंबरला दार बंद असतं.